कोल्हापूर आणि सिनेमा : दालन पाहायला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

स्थानिक इतिहासाच्या आमच्या छोट्या दालनात कोल्हापूरच्या सिनेमाचा एक कोपरा मांडला, तेव्हापासून प्रश्न येतच आहेत. काही जण समोर उभं राहून विचारतात, काही फोनवर, काही चिठ्ठी लिहून ठेवतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे, पुढे जरा गुंत्याचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोल्हापूर म्हटलं की तालीम, चप्पल, तांबडा-पांढरा. त्यात सिनेमा कुठून आला?

नाटकाच्या पडद्यांवरून आला, हे अगदी शब्दशः खरं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाहू महाराजांच्या आश्रयाने इथे गायक, चित्रकार, मल्ल आणि नाटक मंडळी एकाच वेळी नांदत होती. खासबाग मैदान आणि त्याच्या शेजारचं पॅलेस थिएटर (आजचं केशवराव भोसले नाट्यगृह) याच काळातलं. नाटक कंपन्यांना राजवाडा, जंगल, रस्ता असे मोठमोठे पडदे रंगवून लागत. ते रंगवणाऱ्या हातांनी पुढे सिनेमाचा कॅमेरा तयार केला, त्याच हातांनी सेट उभे केले आणि जाहिरातीची पोस्टरंही रंगवली.

आमचं दालन पाहताना एवढं लक्षात ठेवा, बाकीचं आपोआप उलगडेल. कोल्हापूरचा सिनेमा कारागिरांनी उभा केला. सुतार, चित्रकार, फिटर, शिंपी, दागिने घडवणारे ही माणसं आधी इथे होती. नट-नट्या नंतर आल्या.

२. बाबूराव पेंटर यांचं आडनाव खरंच पेंटर होतं का?

नाही. ते बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापुरातला. घरात सुतारकाम आणि कोरीवकाम चालायचं, आडनावही त्यावरूनच पडलेलं. बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव, दोघेही पडदे रंगवण्यात इतके नावाजले की लोक त्यांना 'पेंटर'च म्हणू लागले आणि तेच आडनाव होऊन बसलं. बाबूराव चित्रकार होते, शिल्पकार होते आणि यंत्रातलंही त्यांना कळत असे. चित्रीकरणाआधी ते पात्रांची, वेशभूषेची, प्रसंगांची रेखाटनं करून ठेवत. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले. कोल्हापूरकर त्यांना आजही 'कलामहर्षी' म्हणतात.

३. कॅमेरा खरंच कोल्हापुरात बनवला? की बाहेरून आणून जोडला?

इथेच घडवला. भारतात तयार झालेला पहिला सिनेमा कॅमेरा म्हणून तो ओळखला जातो.

फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला आणि या दोन भावांना सिनेमाने झपाटलं. विलायती कॅमेरा परवडण्यासारखा नव्हता, म्हणून आपणच करू, असं त्यांनी ठरवलं. काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी ते सोडलं नाही. विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन त्यांनी कॅमेरा पूर्ण केला. तेव्हा साल होतं १९१८.

यात एवढं अवघड काय, असं मुलं विचारतात. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्मची पट्टी सलग धावत नाही. एक चौकट भिंगासमोर येते, क्षणभर स्थिर थांबते, झडप उघडते, प्रकाश पडतो, झडप मिटते, आणि मगच एक बारीक आकडा पट्टीच्या कडेच्या भोकांत अडकून तिला पुढच्या चौकटीपर्यंत ओढतो. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण १६ वेळा व्हायचं, तेही हाताने मूठ फिरवून. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चौकटी. आकडा केसभर जरी चुकला तरी पडद्यावर चित्र थरथरणार. भोकं फाटली की फिल्म वाया गेलीच. हे सगळं दातेरी चाकांच्या मापावर अवलंबून असतं आणि ती मापं या माणसांनी हाताने काढली.

फिल्म मात्र परदेशातूनच यायची. कच्ची फिल्म तेव्हा भारतात तयार होत नव्हती.

४. मग तो कॅमेरा तुमच्याकडे ठेवलाय का?

आमच्याकडे नाही. दालनात जो लाकडी कॅमेरा दिसतो तो आतलं काम समजावं म्हणून केलेला नमुना आहे. त्याची मूठ फिरवून बघता येते. शहरात कॅमेऱ्याची आठवण जपणारी जागा हवी असेल तर खरी कॉर्नरला जा. तिथे कॅमेरा स्तंभ आहे. रोज हजारो माणसं त्याच्या बाजूने गाडी काढतात. एकदा गाडी बाजूला लावून त्याच्यापाशी दोन मिनिटं उभे राहा.

५. महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१७ ची की १९१८ ची? तुमच्या फलकावर एक आणि आमच्या पुस्तकात दुसरंच.

दोन्ही सालं छापलेली सापडतात. ही बाबूरावांची कंपनी. कंपनी एका दिवसात उभी राहत नाही, त्यामुळे हा घोळ होतो. माणसं आणि पैसा जमवण्यापासून मोजलं तर १९१७, कॅमेरा हाती येऊन काम सुरू झाल्यापासून मोजलं तर १९१८. पहिला चित्रपट लोकांसमोर आला तो १९२० मध्ये (प्रश्न ६). शाळेच्या प्रकल्पासाठी लिहीत असाल तर ज्या पुस्तकातून साल घेतलं त्याचं नाव सोबत लिहा.

आणखी एक नाव लिहायला विसरू नका, ते म्हणजे तानीबाई कागलकर. त्या गायिका होत्या. बाबूरावांच्या या धडपडीला पैसा पुरवला तो त्यांनी. सिनेमा चालेल की नाही हे कुणालाच ठाऊक नसताना एका बाईने आपल्या गाण्याची कमाई त्यात घातली. बहुतेक लेखांत त्यांच्या वाट्याला एक ओळ येते. दालनात आम्ही त्यांचं नाव कंपनीच्या फलकावर सर्वांत वर लिहिलं आहे, कारण त्यांच्याशिवाय पुढचं काहीच झालं नसतं.

६. पहिला कोल्हापुरी चित्रपट कोणता?

'सैरंध्री'. फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन सिनेमात तो लागला. महाभारतातला अज्ञातवासाचा भाग, द्रौपदी दासी होऊन राहते आणि भीम कीचकाला मारतो, ही गोष्ट. भीम झाले बाळासाहेब यादव आणि कीचक झुंजारराव पवार. तालमीच्या गावात भीम शोधायला लांब जावं लागलं नसणार. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचं कौतुक करून त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

७. 'सैरंध्री' हा भारतातला सेन्सॉर झालेला पहिला चित्रपट, हे खरं आहे का?

कीचकवधाचं दृश्य इतकं खरंखुरं उतरलं होतं की थिएटरात बसलेली माणसं हादरली आणि सेन्सॉरने ते काढायला लावलं, हे खरं. 'पहिला' हा शब्द मात्र जपून वापरा. चित्रपटांवर देखरेखीचा कायदा १९१८ चा आणि मंडळांचं प्रत्यक्ष काम १९२० मध्ये सुरू झालं. म्हणजे 'सैरंध्री' अगदी उंबरठ्यावरचा चित्रपट आहे. देशभरचा पहिला की सुरुवातीच्या मोजक्यांतला एक, यावर वाद घालण्यापेक्षा आम्ही फलकावर 'सुरुवातीच्या काळात कात्री लागलेला' असं लिहिलं आहे.

राजकीय कात्रीचं उदाहरण हवं असेल तर ते पुढचं आहे. प्रभात फिल्म कंपनीने (प्रश्न १२) शिवाजी महाराजांवर 'स्वराज्याचे तोरण' नावाचा मूकपट केला. इंग्रज सरकारला 'स्वराज्य' हा शब्द सलला. नाव बदलून 'उदयकाल' करावं लागलं. साल होतं १९३०, मिठाच्या सत्याग्रहाचं.

८. त्या काळात बायकांची कामं पुरुषच करायचे ना?

नाटकात बहुधा होय. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामतीही पुरुषानेच साकारली होती. बाबूरावांनी मात्र 'सैरंध्री'साठी स्त्रियाच घ्यायचं ठरवलं. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी पुढे आल्या. पडद्यावर त्यांची नावं झाली कमलादेवी आणि सुशीलादेवी. घरंदाज बाईने कॅमेऱ्यासमोर उभं राहणं म्हणजे काय, हे आज नीटसं कळणार नाही. नावं बदलण्यामागे तीच अडचण होती. म्हणून आमच्या फलकांवर दोन्ही नावं आहेत.

९. पौराणिक सोडून दुसरं काही केलं की नाही?

केलं, आणि फार मोलाचं केलं. १९२५ चा 'सावकारी पाश' बघा. कथा ना. ह. आपट्यांची. सावकाराच्या विळख्यात सापडलेला शेतकरी जमीन गमावतो आणि पोटासाठी शहरात जातो. शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. देवदेवता आणि चमत्कार पाहायला सवयलेल्या प्रेक्षकांसमोर कंपनीने झोपडी, कर्जाचा कागद आणि उपाशी माणूस ठेवला. भारतीय सिनेमातल्या वास्तववादाची सुरुवात अनेक अभ्यासक इथूनच धरतात. शंभर वर्षं झाली. पंचनामा आणि कर्जमाफी हे शब्द रोज कानावर पडत असताना या गोष्टीतलं काय जुनं झालं, असं मला दालनात उभं राहून नेहमी वाटतं.

१९३६ मध्ये बाबूरावांनी तो पुन्हा बोलपट म्हणून केला.

ऐतिहासिक पटांत 'सिंहगड' (१९२३) महत्त्वाचा. त्यात कृत्रिम प्रकाश वापरून चित्रण केलं. एरवी सगळं उन्हावर चालायचं, ढग आले की काम बंद.

१०. पोस्टरचं एवढं कौतुक कशाला? सिनेमा बघायचा तर पोस्टर काय करायचंय?

कारण सिनेमा हरवला आणि पोस्टर उरलं. 'कल्याण खजिना' हा १९२४ चा मूकपट. त्याचं पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी मानलं जातं. दालनात त्याची प्रतिकृती आहे. जवळ जाऊन कापडाच्या घड्या बघा, त्यावरची सावली बघा. पडदे रंगवणाऱ्या माणसाचं काम आहे हे लगेच कळतं. याच चित्रपटाला वेम्ब्लीच्या प्रदर्शनात पदकही मिळालं.

११. हे मूकपट आता कुठे पाहायला मिळतील? यूट्यूबवर शोधले, सापडले नाहीत.

बहुतेक सापडणारच नाहीत. 'सैरंध्री', 'सिंहगड', मूळ 'सावकारी पाश' हे गेले. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या कामातले 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' (दोन्ही १९२७) यांचे काही भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेले आहेत.

गेले कसे, हेही सगळे विचारतात. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती उष्णतेने पेट घेते आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. आग लागली नाही तरी ती आपोआप कुजते, चिकट होते, शेवटी तपकिरी भुकटी उरते. त्यात चांदीचा अंश असल्यामुळे चांदी काढायला रिळं विकली गेली, हाही भाग आहे. बोलपट आल्यावर मूकपटाला कोण विचारणार, असं तेव्हा साऱ्यांनाच वाटलं. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म साठवलेल्या गोदामाला आग लागली, त्यातही जुना ठेवा गेला.

घरात रीळ सापडलं असेल तर प्रश्न १९ आधी वाचा.

१२. प्रभात कोल्हापूरची की पुण्याची? आमच्यात यावरून नेहमी भांडण होतं.

जन्म कोल्हापूरचा. १ जून १९२९ रोजी विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. पहिले चौघे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले. पाचवे कुलकर्णी, त्यांनी भांडवलाची बाजू सांभाळली. 'गोपाळकृष्ण' हा पहिला मूकपट. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली.

म्हणून तारखेवरून ठरवा. 'अयोध्येचा राजा', 'माया मच्छिंद्र' कोल्हापूरचे. 'अमृतमंथन'पासून पुढचे, म्हणजे 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' हे सगळे पुण्याचे. 'संत तुकाराम' (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. तो दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शित केला, ही दोघंही कोल्हापूरच्या कारखान्यात घडली, एवढा अभिमान आपण जरूर बाळगावा. चित्रपट मात्र पुण्याच्या नावावरच राहू द्या. प्रभातच्या त्या पुण्याच्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

१३. पहिला मराठी बोलपट कोल्हापुरात झाला, हे नक्की?

हो. 'अयोध्येचा राजा', फेब्रुवारी १९३२. दिग्दर्शन शांतारामांचं, संगीत गोविंदराव टेंब्यांचं, आणि हरिश्चंद्रही तेच. तारामती दुर्गाबाई खोटे. मराठीसोबत हिंदीतही केला. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' त्याच्या आदल्या वर्षीचा, मार्च १९३१ चा. 'आलम आरा'ची प्रत आज उरलेली नाही. 'अयोध्येचा राजा' मात्र पाहता येतो.

पाहताना कान देऊन ऐका. पार्श्वगायन तेव्हा सुरू झालेलं नव्हतं. नटाने कॅमेऱ्यासमोर गायचं, साथीदारांनी चौकटीच्या बाहेर बसून वाजवायचं आणि सगळं एकाच वेळी टिपलं जायचं. एखादा भांडं पाडून बसला की पुन्हा पहिल्यापासून.

१४. दादासाहेब फाळके नाशिकचे. त्यांचा फोटो कोल्हापूरच्या दालनात का?

फाळके जन्माने त्र्यंबकेश्वरचे, आणि त्यांनी कामाचा मोठा काळ नाशिकला काढला. पण त्यांचा एकमेव बोलपट 'गंगावतरण' (१९३७) कोल्हापूर सिनेटोनने केला. मूकपटाच्या आरंभी ज्यांना पाहून आनंदराव आणि बाबूराव पेटून उठले (प्रश्न ३), त्यांनीच उतारवयात शेवटचा चित्रपट कोल्हापुरात येऊन करावा, याहून मोठा मान या गावाला कुठला? म्हणून तो फोटो दाराशीच लावला आहे.

१५. कोल्हापूर सिनेटोन, शालिनी सिनेटोन, जयप्रभा, हंस, प्रफुल्ल... हे सगळं एकच का?

वेगवेगळं आहे, पण माणसं तीच तीच आहेत, म्हणून गोंधळ होतो.

प्रभात गेल्यावर गाव रिकामं पडू नये म्हणून राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली. भालजी पेंढारकरांचा 'आकाशवाणी' (१९३४) हा तिचा पहिला चित्रपट. मास्टर विनायकांचा 'विलासी ईश्वर' (१९३५) तिथलाच. तोच स्टुडिओ पुढे भालजींकडे आला आणि 'जयप्रभा' या नावाने ओळखला जाऊ लागला.

शालिनी सिनेटोन वेगळी. तिला राजघराण्यातल्या अक्कासाहेब महाराजांचा आधार होता आणि दिग्दर्शनाला स्वतः बाबूराव पेंटर. 'उषा' (१९३५) आणि प्रश्न ९ मधला दुसरा 'सावकारी पाश' तिथे झाले.

हंस पिक्चर्स १९३६ ची. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी ती काढली. (बाबूराव पेंढारकर आणि बाबूराव पेंटर एक नव्हेत. ही चूक सतत होते.) वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा 'छाया' आणि आचार्य अत्र्यांचा 'ब्रह्मचारी' (१९३८) हंसचे. प्रफुल्ल पिक्चर्स ही विनायकांची नंतरची कंपनी, तिच्याबद्दल प्रश्न १७.

१६. जयप्रभा स्टुडिओ जाळला होता असं आजी सांगायची. कधी, का?

१९४८ मध्ये. गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांवर हल्ले झाले, त्यात भालजींचा स्टुडिओही पेटवला गेला. सेट, सामान, तयार फिल्म सगळं गेलं. 'मीठ भाकर' जळून खाक झाला आणि भालजींनी तो पुन्हा काढला. इतकं सोसून त्यांनी गाव सोडलं नाही. 'छत्रपती शिवाजी', 'मोहित्यांची मंजुळा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' हे सगळे त्यानंतरचे. १९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

दालनात या घटनेचा फलक लावावा की नाही यावर आमच्यात बराच काळ चर्चा झाली. लावला. आपल्याच गावातल्या माणसांनी आपल्याच गावातलं काम जाळलं, हे सांगितल्याशिवाय पुन्हा उभं करणाऱ्यांचं मोल कळत नाही.

१७. लता मंगेशकर कोल्हापुरात राहत होत्या का?

राहत होत्या. एप्रिल १९४२ मध्ये दीनानाथ गेले तेव्हा लता बारा वर्षांच्या होत्या आणि घराचा भार त्यांच्यावर आला. मास्टर विनायकांनी आधार दिला. प्रफुल्ल पिक्चर्समध्ये त्यांनी छोट्या भूमिका केल्या, गाणी गायली. 'माझे बाळ' (१९४३) आणि 'गजाभाऊ' (१९४४) ही त्यातली नावं. १९४५ मध्ये कंपनीबरोबर त्या मुंबईला गेल्या. जयप्रभा स्टुडिओ पुढे त्यांनीच विकत घेतला. भालजींच्या चित्रपटांना त्यांनी 'आनंदघन' या नावाने संगीत दिलं. 'साधी माणसं'मधली गाणी त्या नावाची.

स्टुडिओच्या जागेचं पुढे काय झालं, असं विचारणारे खूप आहेत. २०२२ मध्ये जागा विकली गेल्याचं कळल्यावर इथल्या कलावंतांनी आणि तंत्रज्ञांनी, ती चित्रीकरणासाठीच राहावी म्हणून साखळी उपोषण केलं. वयस्कर लाइटमन, मेकअपमन, रंगारी त्यात बसले होते. पोटाचा प्रश्न होता, आणि जागेवरची माया होती.

१८. आजीच्या ट्रंकेत सिनेमाच्या गाण्यांची जुनी पुस्तिका सापडली. लॅमिनेट करून आणू का?

कृपा करून करू नका. एक गृहस्थ अशीच पुस्तिका लॅमिनेट करून घेऊन आले होते. कागद प्लॅस्टिकला कायमचा चिकटला, आता तो सोडवता येत नाही आणि आतून पिवळा पडत चाललाय.

आमच्याकडची एक पुस्तिका उदाहरण म्हणून बघा. तळहाताएवढी. मधल्या पिनांना गंज चढून कागदावर दोन तपकिरी डाग उतरलेत. आत गोष्टीचा सारांश, तोही 'पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावरच पाहा' असा अर्ध्यावर सोडलेला. मग गाणी. तीन गाण्यांसमोर कुणीतरी पेन्सिलीने बारीक फुल्या केल्यात आणि एका ओळीतला शब्द खोडून वर दुरुस्त शब्द लिहिलाय. थिएटरात ऐकून घरी येऊन केलेली ती दुरुस्ती आहे. छापील मजकुराइतकीच ती आमच्यासाठी मोलाची.

तेव्हा : चिकटपट्टी लावू नका, पेनने काही लिहू नका, पुस्तिका आडवी ठेवा, आम्लविरहित कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. गंजलेली पिन स्वतः ओढू नका. आणि मोबाइलवर सगळी पानं, कोरी पानंसुद्धा, दिवसाच्या उजेडात टिपून ठेवा.

१९. माळ्यावर फिल्मचं रीळ मिळालंय. प्रोजेक्टरवर लावून बघू का?

लावू नका. आधी वास घ्या, पण डबा उघड्या हवेत ठेवून, लांबूनच. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर बहुधा अॅसिटेट फिल्म आहे आणि ती खराब होत चालली आहे. फिल्म १९५० च्या आधीची असेल, चिकट झाली असेल, उग्र वास येत असेल, तपकिरी पूड पडत असेल, तर ती नायट्रेट समजा. मग देवघर, गॅस, इन्व्हर्टर यांच्यापासून ती लांब ठेवा, डबा घट्ट बंद करू नका, उन्हात ठेवू नका आणि बसने किंवा कुरिअरने पाठवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला, ते पुढची पद्धत सांगतात. डब्यावर चिटकवलेला कागद किंवा खडूने लिहिलेला आकडा पुसू नका. कित्येकदा फिल्मची ओळख फक्त तेवढ्यावरच पटते.

२०. एका दिवसात गावात काय काय पाहता येईल?

सकाळी खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ. तिथून केशवराव भोसले नाट्यगृह आणि खासबाग. नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये भीषण आग लागली, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या रात्री रस्त्यावर उभी राहून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. दुपारी राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय. मांडरे भालजींच्या चित्रपटांचे नायक आणि उत्तम चित्रकार. तिथे त्यांची निसर्गचित्रं आणि पावडर शेडिंगमधलं काम आहे. नट एवढी चित्रं काढतो, याचं पाहुण्यांना नवल वाटतं. प्रश्न १ वाचलेल्यांना वाटणार नाही. वेळ उरला तर शिवाजी विद्यापीठातलं वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय.

टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात सिनेमा सापडेल या अपेक्षेने जाऊ नका. ते पुरातत्त्वाचं आहे, आणि त्यासाठी जरूर जा.

२१. आता इथे शूटिंग होतं का?

होतं. मोरेवाडीला चित्रनगरी आहे, ती बरीच वर्षं ओस पडली होती, आता पुन्हा कामाला लागली आहे. आसपासच्या वाड्यांत मालिकांची चित्रीकरणं झाली, वसगडेतल्या वाड्याला तर माणसं देवदर्शनासारखी जायची. मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालयही कोल्हापुरातच आहे.

२२. आमचे पणजोबा 'प्रभात'मध्ये होते असं घरात सांगतात. पण कुठल्याच श्रेयनामावलीत नाव नाही. मग खोटं का?

खोटं मुळीच नसेल. त्या काळच्या श्रेयनामावलीत सुतार, रंगारी, शिंपी, लाइटवाले, घोडे सांभाळणारे, स्वयंपाकी यांची नावं येतच नसत. शंभर माणसं खपायची आणि पडद्यावर दहा-बारा नावं. तुमच्यासारखे घरोघरचे पणजोबा हाच या दालनाचा सर्वांत मोठा रिकामा भाग आहे आणि तो भरायला आम्हाला तुमचीच मदत हवी.

शोध असा घ्या. पहिल्यांदा काळ ठरवा. ते गाव सोडून पुण्याला राहायला गेले होते का? कोल्हापुरातच राहून काम केलं असेल आणि साल १९३३ नंतरचं असेल, तर कंपनी प्रभात नसून प्रश्न १५ मधली दुसरी एखादी असण्याचा संभव आहे. घरच्या बोलण्यात सगळ्याच कंपन्यांना 'प्रभात' म्हणायची सवय असते. मग काम काय करायचे ते विचारा, आणि ते घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा. डबा कुणी न्यायचा, पगार कोणत्या तारखेला व्हायचा, कपड्यांना कसला वास यायचा हे त्यांनाच माहीत असतं. रंगाचा, रंध्याच्या भुशाचा की रसायनांचा, एवढ्यावरून खातं कळतं. पुढे हत्यारं बघा. पटाशी, ब्रश, कात्री यांच्या मुठीवर नाव किंवा कंपनीची खूण कोरलेली असू शकते.

आणि सामूहिक फोटो असेल तर तो घेऊन या. पुढच्या रांगेत खुर्चीवर बसलेले ओळखू येतात, पुस्तकांत त्यांची नावं आहेत. आम्हाला मागच्या रांगेतले, बाकावर उभे राहिलेले हवेत. कोण कुठे उभं आहे हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर फोटोच्या मागे, मऊ पेन्सिलीने, डावीकडून उजवीकडे नावं लिहून घ्या.